अथांग आणि ऑनडीप

पोरांनो, आधी स्थळ सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तुम्ही नॉर्वेत एका फियॉर्डच्या काठावर राहता. मी पुण्यात राहते आणि उन्हाळ्याचे तीन महिने नेदरलँड्समध्ये, नायमेखनला, तुमच्या मामा-मामीकडे असते. त्यातले दोन-तीन आठवडे तुमच्या वाट्याचे. आज हे तुम्हाला पाठ आहे, पण हे तुम्ही मोठेपणी वाचाल तेव्हा कोण कुठे होतं ते विसरलेले असाल, म्हणून लिहून ठेवते.

मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही बोट काढलीत. मी सलवार-कमीजवर रेनकोट चढवला, पायात तुमच्या आईचे बूट घातले आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन धक्क्यावर उभी राहिले. थोरले, तू दोर सोडत होतीस. मी बोटीत टाकायला पाय उचलला तशी तू विचारलंस, "आजी, तुला पोहता येतं?"

"नाही गं. पण जॅकेट घालते ना."

"जॅकेट सगळेच घालतात. पोहता येत नसेल तर बोट नाही. बाबांचा रूल आहे."

तुमचे बाबा वल्ह्याला काहीतरी चिकटलं असावं तसे ते निरखून बघत होते. जावयाने सासूला 'नाही' म्हणायचं नसतं, निदान आमच्या घरात तरी अजून कुणी म्हटलेलं नाही. "आई, तसं काही नाही हो," एवढं म्हणून ते पुन्हा वल्हं बघायला लागले. धाकट्याला मात्र माझी दया आली. तो म्हणाला, "आजी, तू टाटा कर. आम्ही लांब जाईपर्यंत कर."

मी लांब जाईपर्यंत टाटा केला. डबा तुमच्याबरोबर गेला, मी काठावर राहिले.

नियम बरोबर होता. मी जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. त्यात फियॉर्ड दर वर्षी यायचा. फळ्यावर मी दोन आकृत्या काढायची. एक आपल्या कोकणातल्या खाडीची: नदीने कापलेली दरी, उतरते काठ, तळाशी चिखल, कडेला खारफुटी. दुसरी फियॉर्डची: हिमनदीने कोरलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी, दोन्हीकडे उभ्या भिंती. बर्फ वितळला आणि त्या दरीत समुद्र शिरला. भिंती पाण्यावर जेवढ्या सरळ दिसतात तेवढ्याच पाण्याखालीही सरळ जातात. कोकणात माणूस बोटीतून पडला तर चिखलात रुतेल, पण कुठेतरी काठाला लागेल. फियॉर्डमध्ये पडलेल्या माणसाला धरायला काठच नसतो. बोटीपर्यंत त्याचं त्यालाच परत यावं लागतं. हे मी मुलींना परीक्षेसाठी सांगत आले. तुमच्या बाबांनी ते बोटीसाठी सांगितलं, एवढाच फरक.

तरी मला वाईट वाटलं, आणि त्याला दोन कारणं होती. पहिलं सरळ आहे. जी गोष्ट इतकी वर्षं खडूने काढली, तिच्या मध्यावर बसून एकदा वर बघायचं होतं. दुसरं कारण मला तिथे राहिल्यावर हळूहळू कळलं. तुमच्या घरातलं सगळं महत्त्वाचं बोलणं बोटीत व्हायचं. रात्री जेवताना तुम्ही त्याचाच पुढचा भाग बोलायचात. "तो परत दिसला का?" "नाही, ती दुसरी होती." कोण तो आणि कोण ती, सील की शेजारी, मला पत्ता नसायचा. मी विचारलं की तुम्ही दोघंही शहाण्यासारखी मला समजावून सांगायचात, पाहुण्यांना सांगतात तसं. मला समजावून घ्यायचं नव्हतं. मला तिथे असायचं होतं.

म्हणून पुण्याला परतल्यावर मी पोहायला शिकायचं ठरवलं.

लहानपणी का शिकले नाही, हे धाकट्याने एकदा विचारलं होतं. आमच्या गावी मुलगे विहिरीत शिकायचे, पाठीला रिकामा डबा बांधून. मुलींना सांगितलं जायचं की नदीवर जा, पण डोहाकडे जायचं नाही. आमची नदी वर्षातले आठ महिने घोट्याएवढी असे. एका वळणावर मात्र डोह होता, काळा आणि गप्प. तेवढी एक जागा सोडली तर सगळं पाणी आमचंच होतं, त्यामुळे पोहण्याची गरज भासली नाही.

पुण्यात आमच्या घराजवळ टँक आहे. तिथे सकाळची बायकांची बॅच असते. ती थंडीभर मी न चुकवता केली. शिकवणारी मुलगी तुमच्या आईपेक्षाही लहान होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काकू, पाण्याशी भांडू नका, ते तुम्हाला उचलायलाच आलंय." मला हे पटायला संक्रांत उलटावी लागली. मे महिन्यात नायमेखनला आले तेव्हा मी टँकच्या उथळ बाजूला न थांबता जाऊन येऊ शकत होते. खोल बाजूला गेले नव्हते. तिथे दोरी बांधलेली असे आणि दोरीपलीकडे आमच्या बॅचपैकी कुणीच जात नसे.

आता नायमेखनविषयी थोडं, कारण तुम्ही तिथे जन्मलात, डच अजून बोलता, पण लहानपणीच उत्तरेला गेलात. सगळा नेदरलँड्स ताटासारखा सपाट आहे, पण नायमेखनच्या बाजूला टेकड्या आहेत आणि सायकल चढवताना मामी धापा टाकते. त्या टेकड्या बर्फाने केल्यात. हिमयुगात उत्तरेकडून, म्हणजे तुमच्या बाजूने, बर्फाचा थर सरकत आला आणि त्याने इथली वाळू पुढे ढकलून तिचे ढीग केले. तुमच्याकडे बर्फाने दऱ्या कोरल्या, इकडे वाळू रचली. खोल तळी मात्र इकडे सोडली नाहीत. तशी तळी जगात दुसरीकडे आहेत. इटलीतलं कोमो, स्कॉटलंडची लॉख नावाची तळी, न्यूझीलंड आणि पॅटागोनियातली लांबट सरोवरं, ही सगळी फियॉर्डची भावंडं. फक्त त्यांच्यात समुद्र शिरला नाही. रशियातलं बैकाल यात नाही. ते सगळ्यांत खोल असलं तरी जमीन फाटून झालेलं आहे. माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी ते या यादीत घालायचंच, तुम्ही घालू नका.

डच लोकांना खोल पाणी हवं असेल तर स्वतः खणावं लागतं. बांधकामाला वाळू काढून काढून त्यांनी नदीकाठी मोठी तळी केली आहेत. तसं एक तळं मामाच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. मामाची शेजारीण तिथे रोज पोहायला जाते. ती माझ्याच वयाची आहे. उंच, मोठ्या आवाजाची, इंग्रजी फर्डं बोलणारी. तिला मी बोटीची हकीकत सांगितली तर ती म्हणाली, "मग उद्याच चल. तुझ्या जावयाला दाखवू."

दुसऱ्या दिवशी ती मला गाडीत घालून घेऊन गेली. मामाही आला, फोटो काढायला. तळ्यात शिरलेला एक लाकडी धक्का होता, त्याला शिडी, आणि शिडीजवळ एक पाटी: लेट ऑप! ऑनडीप.

इथे माझ्या इंग्रजी शिक्षणाने माझा घात केला. माझं कॉलेजचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं. त्यामुळे डच वाचताना मला नेहमी वाटायचं की हे चुकलेलं इंग्रजीच आहे, थोडं लाल पेनाने दुरुस्त केलं की झालं. मेल्क म्हणजे मिल्क, बूक म्हणजे बुक, वॉटर तर वॉटरच. सुपरमार्केटमध्ये या पद्धतीने माझं कधी अडलं नव्हतं. 'लेट ऑप' म्हणजे सावधान, हे रस्त्यावरच्या पाट्यांवरून ठाऊक होतं आणि 'डीप' नदीकाठच्या पाणी मोजायच्या खांबावरून, डीप म्हणजे डीप. तेव्हा 'ऑनडीप' म्हणजे ऑन द डीप, खोलावर आहात, सावधान. पाणी हिरवट आणि गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. तो दिसणार नाहीच, असं मी मनाशी म्हटलं.

शेजारीण धप्पकन उतरून पुढे गेली सुद्धा. मी शिडीच्या एकेका पायरीवरून उतरले. शेवटच्या पायरीवर पाय होता आणि त्याच्या खाली काही नाही, हे मला माहीत होतं. चाचपून बघावंसंही वाटलं नाही. जे नाही ते काय चाचपायचं? डोळ्यांपुढे आमच्या नदीचा डोह आला. मग शिडी सोडली.

धक्क्यापासून लव्हाळ्यापर्यंत आणि तिथून परत. टँकमध्ये हे अंतर काहीच वाटलं नसतं. इथे छाती इतकी धडधडत होती की पाण्यालाही ऐकू गेली असेल. पण हात चालले, पाय चालले आणि मी शिडीला परत लागले. मामाने फोटो काढला. पाण्याबाहेर माझं डोकं, बाजूला पाटी आणि माझ्या चेहऱ्यावर सगळे दात.

संध्याकाळी तो फोटो तुम्हाला पाठवला आणि व्हिडिओ कॉल लावला. "बघा," मी म्हटलं, "आजी अथांग पाण्यात!"

तुम्ही दोघं फोटोवर वाकलात. धाकटा ओरडला. "आजी! ऑनडीप! ऑनडीप म्हणजे शॅलो!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू उभी राहू शकली असतीस!" आणि तो सोफ्यावरून खाली पडला. हसून.

मामी चहाचा कप तोंडाला लावून बराच वेळ तशीच राहिली. मामा म्हणाला, "आई, डच म्हणजे नापास झालेलं इंग्रजी नाही गं." मीही हसले. हसण्यासारखंच होतं. पण थोरले, तू हसत नव्हतीस. हे पोहणं धरायचं की नाही, हे तुझ्या डोक्यात चाललेलं मला दिसत होतं. ज्या मुलीला वर्गाचा निवाडा करायचा असतो, तिचा चेहरा मी पुष्कळ पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, शिडी उतरले आणि पाय खाली सोडला. वाळू लागली. पाणी छातीपर्यंत होतं. मी तिथे उभी राहिले. बदकं जवळून गेली. शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "ऑन म्हणजे नाही. ऑनडीप, खोल नसलेलं. आमच्याकडे त्याला वेगळा शब्द नाही."

पाण्यात उभ्या उभ्या मी त्यावर पुष्कळ विचार केला. या लोकांच्या देशाचा चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीखाली आहे. त्यांच्या लेखी पाणी खोलच असायचं, खोल नसेल तर ते वेगळं सांगायचं. आपल्याकडे उलटं. उथळ हा आपला चांगला, घरचा शब्द आहे. इतका घरचा की माणसालाही लावतो आणि उथळ पाण्याला खळखळाट फार असं म्हणून मोकळे होतो. नकार लावावा लागला तो खोलीला. अ-थांग. ज्याचा थांग लागत नाही ते. घोट्याएवढ्या नद्यांच्या मुलखात माणसं पाय टेकवत टेकवत चालली. एका वळणावर पाय टेकला नाही, आणि त्या न टेकण्याला त्यांनी नाव दिलं. मी पाटी वाचली त्यांची आणि भ्याले आपल्या शब्दाला.

त्या रात्री तुमच्या आईचा फोन आला. "आई, हे म्हणतायत की तू या वेळी बोटीत बसच. तू पाय टेकवला नाहीस ना? मग पोहलीसच की."

मामाचंही तेच म्हणणं होतं. "लॉजिक बरोबर आहे. पोहणाऱ्याला वरचं हातभर पाणी लागतं. खाली दोन फूट आहे की दोनशे, त्याला काय फरक पडतो?"

हे लॉजिक मलाही येत होतं, पण मी तुमच्या आईला नको म्हणून सांगितलं. तुमचे बाबा मला नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या 'हो'ला या बाबतीत किंमत नव्हती. उद्या मधोमध काही झालं तर ते माझ्यामागे उडी टाकतील आणि तुम्ही दोघं बोटीत एकटी उराल. मला मानाचा होकार नको होता. आणि थोरले, तुझ्यासमोर तर मुळीच नको होता. नियम आजीसाठी वाकतो हे तू पाहिलं असतंस, तर पुढच्या वेळी तो कुणासाठीही वाकला असता.

तुमच्याकडे यायला तेव्हा दोन आठवडे उरले होते. मी शेजारणीला म्हटलं, "मला खरं डीप दाखव."

तिने आधी मला रोज धक्क्यापासून थोडं थोडं पुढे नेलं. मग एका सकाळी, वारा पडलेला असताना, म्हणाली, "आज पलीकडच्या काठाला." तळ्याचा तो भाग अरुंद आहे, पण वाळू तिथूनच काढलेली. मामाने सांगितलं होतं की आपली पुण्याची इमारत तिथे गच्चीसकट बुडेल. त्याने हे कशाला सांगितलं, देव जाणे. शेजारणीने कमरेला नारिंगी फुगा बांधला होता, दमलं तर धरायला. "धरलास तरी चालेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "बोटीला फुगा नसतो."

निम्म्यावर जाईपर्यंत ठीक होतं. मग पाय जरा खाली गेले आणि त्यांना गार लागलं. वरचं पाणी उन्हाने कोमट झालेलं, पण पोटरीखाली एकदम दुसरंच पाणी, फ्रीज उघडल्यासारखं. खोली मी नकाशावर निळ्या रंगाच्या छटांनी दाखवत आले होते, जितकी गडद तितकी खोल. ती अशी पायाला लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामाचं लॉजिक त्याच क्षणी संपलं. खालचं सगळं पाणी मला हाक मारायला लागलं. हात भराभर आपटायला लागले, नाकात पाणी गेलं. नारिंगी फुगा हाताच्या अंतरावर होता.

शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू दिलेल्या त्या हिरव्या चटणीत शेंगदाणे होते का?"

मला वाटलं, हिला वेड लागलंय. "काय?"

"चटणी. शेंगदाणे की काजू?"

"ओलं खोबरं!" मी ओरडले. "काजू कशाला घालीन!"

"इथे ओलं खोबरं कुठे मिळतं?"

"फ्रोझन! टिलबर्गहून! मामीची मैत्रीण आणते!"

"आणि लसूण?"

लसूण, मिरच्या, लिंबू, साखर चिमूटभर. साखर कशाला, यावर तिचा आक्षेप होता. तिचा आक्षेप मी खोडून काढत असताना माझा हात कशावर तरी आपटला. ती पलीकडच्या काठाची मुळी होती. आम्ही दोघी तिथे गवतात बसलो. मग परत पोहत आलो. परतताना पायांना गार लागलं तेव्हा ते ओळखीचं होतं. आवडलं असं नाही म्हणणार.

घरी आल्यावर केस पुसत पुसत कॉल लावला. या वेळी फोटो नव्हता. मामा कामावर होता, त्यामुळे साक्षीदारही नाही. मी सगळं सांगितलं, नाकातल्या पाण्यासकट आणि फुगा धरावासा वाटला त्यासकट.

धाकट्याने विचारलं, "खाली काय होतं?"

"कळलं नाही रे. मी बघितलं नाही."

"अजिबात नाही?"

"चटणीची रेसिपी देत होते."

थोरले, तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "थांब," आणि उठून गेलीस. मागून तुझा आणि बाबांचा आवाज येत होता. तुझा जास्त, त्यांचा कमी. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि नंतरही मी कधी विचारलं नाही. धाकटा तेवढ्यात मला त्याचा पडलेला दात दाखवत होता.

तू परत आलीस आणि फोन तोंडाजवळ धरलास, इतका जवळ की मला फक्त तुझं नाक दिसत होतं.

"आजी, मधल्या फळीवर बसायचं. उभं राहायचं नाही. आणि आम्ही सांगितल्याशिवाय हलायचं नाही."

इतकी वर्षं मी हेच दुसऱ्यांच्या मुलींना सांगत आले. मी म्हटलं, "बरं."

"आणि पुऱ्या आण," धाकटा मागून ओरडला.